दोन जावा, दोन ऑपरेशनं

त्या दिवशी मी घरी सांगितलं होतं की कारखान्यातून सुटले की अस्तराचं कापड बघायला बाजारात जाणार, यायला उशीर होईल. उल्हासनगरात कामाला असलं की असल्या थापा मारणं सोपं असतं. तिथे बाजार कधी संपत नाही आणि कापड बघायला गेलेल्या बाईला उशीर का झाला असं कोणी विचारत नाही. खरं तर मी मूळव्याधीच्या डॉक्टरणीकडे निघाले होते.

मी जीन्सच्या कारखान्यात मशीनवर असते. पँटला कमरेचा बेल्ट लावायचं काम. सकाळी बसलं की संध्याकाळीच उठायचं. धाकटीच्या बाळंतपणापासून मला तो त्रास सुरू झाला होता. आधी नुसतं रक्त, मग मोड बाहेर यायला लागले, आणि पुढे पुढे ते हाताने आत सारावे लागायचे. खुर्चीवर मी जुन्या साडीची घडी घालून बसायचे. बाजूच्या मशीनवरची विचारायची, "काय गं, राणीची गादी?" मी हसून टाळायचे. सांगणार काय आणि कोणाला? पोट दुखतं म्हणता येतं, डोकं दुखतं म्हणता येतं. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग एक दिवस रिक्षातून जाताना एका चपलांच्या दुकानावर पहिल्या मजल्याची पाटी दिसली. मूळव्याध, भगंदर, फिशर, आणि खाली ठळक अक्षरात 'लेडी सर्जन'. त्या दोन शब्दांनी मला हिंमत दिली. आठवडाभर त्या पाटीखालून ये-जा केली आणि मग चढले जिना.

वर हॉलमध्ये सात-आठ बायका बसल्या होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांची मान मोबाइलमध्ये, आणि बसणं असं की एकीनेही पूर्ण बूड टेकलेलं नाही, सगळ्या एका अंगावर कललेल्या. मला एकदम वाटलं, अरे, हे तर सगळं माझंच गाव! मी पण एका अंगावर कलून बसले.

खिडकीपाशी एक बाई होती. तोंडाला, डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांची, बाहेर मागचा खिसा जसाच्या तसा जोडलेला आणि त्याला लाल दोऱ्याची दुहेरी शिवण. मी त्या पिशवीकडे बघतच राहिले. ती पिशवी मी शिवली होती. तशी दुसरी नव्हतीच, कारण लाल दोरा तेवढाच उरला होता.

"ताई?" मी म्हटलं.

स्कार्फमधले डोळे वर झाले आणि बशीएवढे झाले.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. अंबरनाथच्या बुवापाड्यात आम्ही एकाच घरात राहतो, खाली ती आणि मोठे दीर, वर मी, नवरा आणि मुली. चूल एक, संडास एक. ती घरातूनच कारखान्यातल्या कामगारांचे जेवणाचे डबे करते. त्या दिवशी तिने सांगितलं होतं की बदलापूरला मावसबहिणीकडे जाते.

"तू अस्तर घेवक गेलेलीस ना गो?" ती स्कार्फच्या आतूनच म्हणाली. ताईचं माहेर कोकणातलं. घाबरली किंवा चिडली की तिच्या तोंडी तिकडची भाषा येते.

"आणि तुम्ही बदलापूरला?"

मग ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते की काय. पण ती हसत होती, आणि ती हसते बघून मलाही आवरेना. दोघी तोंडावर हात दाबून अशा हसत सुटलो की रिसेप्शनवरची मुलगी उठून बघायला लागली. बाजूच्या बाईने मोबाइल खाली ठेवला आणि तीही हसली, कशावर हे माहीत नसताना.

हसू ओसरल्यावर मी ताईच्या बाजूला जाऊन बसले.

"तुम्हाला पण?"

"मला पण. तुला कधीपासून?"

"धाकटी झाली तेव्हापासून. तुम्हाला?"

ताईने स्कार्फ तोंडावरून खाली ओढला. "तुझं लगीन व्हायच्या आधीपासून."

म्हणजे मी त्या घरात आल्यापासून जी ताई बघितली होती, ती सगळी ह्या दुखण्यातली ताई होती. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून संडास अडवणारी, लग्नकार्यात पंगतीला न बसता 'मी मागाहून जेवते' म्हणणारी, खुर्ची पुढे केली तरी भिंतीला टेकून उभी राहणारी. मी तिला शिष्ट समजत होते. तिला बसताच येत नव्हतं!

नंबर आला तेव्हा आम्ही दोघी एकदमच आत गेलो. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या, सिंधी, पण मराठी सफाईदार, मध्ये मध्ये हिंदी. "दोघी एकत्र? बहिणी?"

"जावा," ताई म्हणाली. "एकाच घरातल्या. घरी एकमेकींना सांगितलं नाही, इथे भेटलो."

त्यांनी आम्हाला एकेक करून पडद्याआड तपासलं. त्याचं मी इतकी वर्षं घेतलेलं टेन्शन फुकट होतं. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, लांब श्वास. एक छोटी दुर्बीण घालून बघतात, नीट जेली लावून. ताईला मात्र जास्त वेळ लागला. पडद्यामागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "इथे हे भाजल्यासारखं कशाने झालं?" ताईचं उत्तर ऐकू आलं नाही.

मग दोघींना समोर बसवून त्या बोलायला लागल्या. मी तेव्हापर्यंत समजत होते की मूळव्याध म्हणजे आत काहीतरी नको ते उगवतं, चामखिळीसारखं. त्या म्हणाल्या, "नाही. ह्या गाद्या सगळ्यांनाच असतात. रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या. जोर देऊन देऊन त्या फुगतात आणि आतलं आवरण जागा सोडून खाली सरकतं."

"म्हणजे बाहीचं अस्तर वरून उसवलं की खालून लोंबायला लागतं, तसं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बिल्कुल तसं!" त्यांनी टेबलावर हात मारला. "तुम्ही शिवणकाम करता?"

"बघ," ताई मला कोपराने ढोसत म्हणाली, "शेवटी अस्तराचंच काम निघालं तुझं."

त्यानंतरची ती पंधरा-वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शाळेत माझं विज्ञान यथातथाच होतं, पण त्या दिवशी एकेक गोष्ट अशी डोक्यात शिरत होती जशी सुई कापडात. मोड छोटे असतील तर नुसतं त्यांच्या मुळाशी इवलंसं रबर चढवतात. रक्तपुरवठा तुटतो, मोड सुकतो आणि आपोआप गळून पडतो. त्याला ऑपरेशनही म्हणत नाहीत, दवाखान्यातच होतं. लेझरमध्ये मोडाच्या आत बारीक काडी घालून तो आतून भाजतात, मग तो आक्रसतो. स्टेपलरमध्ये मोडाला हातच लावत नाहीत. त्याच्या वर, जिथे दुखण्याची जाणीव जवळजवळ नसते, तिथली आवरणाची एक गोल पट्टी कापून काढतात आणि त्याच क्षणी बारीक पिनांनी दोन्ही कडा जोडतात. खालचं लोंबणारं सगळं आपोआप वर ओढलं जातं.

"कमरेत अल्टर केल्यासारखं!" मी म्हटलं. "पायाकडची दुमड न उलगडता वरून उंची कमी करायची!"

"आणि चौथी जुनी पद्धत," त्या ताईकडे वळल्या. "मोड मुळापासून कापून काढायचे, जखम उघडी ठेवायची, ती आतून भरत येते. सगळ्यात जास्त दुखतं. बरं व्हायला सगळ्यात जास्त वेळ. पण परत उद्भवण्याची शक्यता सगळ्यात कमी."

ताईने पिशवी छातीशी धरली.

माझे मोड तिसऱ्या पायरीचे होते, बाहेर येणारे पण हाताने आत जाणारे, आणि चहूबाजूंनी गोल. मला स्टेपलर चालेल असं त्यांचं मत पडलं. ताईचे चौथ्या पायरीचे, आत जाणं कधीच बंद झालेलं, बाहेर लोंबती कातडी वाढलेली, वर तो भाजल्याचा वण. तिला कापण्यावाचून खरा उपाय नव्हता.

"पण लेझर?" मी विचारलं. उल्हासनगर ते बदलापूर दर दुसऱ्या रिक्षाच्या पाठीवर लेझरची जाहिरात असते. कापणं नाही, दुखणं नाही, त्याच दिवशी घरी.

"मशीन माझ्याकडे पण आहे," त्या म्हणाल्या. "छोट्या मोडांना मी आनंदाने करते. पण ह्यांच्यासारख्या मोठ्या, बाहेर राहिलेल्या मोडांना लेझर केलं तर आज छान वाटेल आणि थोड्या काळाने ह्या परत माझ्यासमोर बसतील. बसू शकल्या तर."

शिवाय ताईचं रक्त तपासायला सांगितलं आणि आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. ताईची पन्नाशी उलटली होती, चेहरा पांढराफटक होता. "रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालायचं नाही. आधी आत दुसरं काही नाही ना ते बघू, मग ऑपरेशनचं."

हे ऐकल्यावर ताई जिना उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. खाली चपलांच्या दुकानासमोर उभं राहून मी म्हटलं, "आता घरी काय सांगायचं? अस्तर मिळालं नाही?"

"खरं सांगायचं," ती म्हणाली. "आता दोघी आहोत."

तिने ते जेवताना सांगितलं, भात वाढता वाढता. "मला मूळव्याध आहे. हिला पण आहे. आम्हा दोघींना ऑपरेशन करायचंय. आमटी कोणाला हवी?"

माझ्या मुली फिसकन हसल्या. माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. मोठे दीर मात्र ताईकडे बघत राहिले. "तुला? कधीपासून?"

तिने सांगितलं. भाजल्याचंही सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती शहाडला स्टेशनबाहेर एका माणसाकडे गेली होती. भिंतीभिंतीवर त्याची चिठ्ठी चिकटवलेली असायची, 'बिना ऑपरेशन, जड से खत्म'. खोलीत एक बाकडं आणि एक स्टोव्ह. त्याने कसलंसं इंजेक्शन दिलं आणि वर मलम थापलं. ते मलम नव्हतं, निखारा होता. रिक्षाने घरी येईपर्यंत तिला भोवळ येत होती.

"तेव्हा तू म्हणालीस पाठ धरली आहे," दीर म्हणाले. "मी तुझ्या पाठीला बाम चोळला."

"चोळलात."

"दहा-बारा दिवस रोज चोळला."

"मग काय सांगणार होते तुम्हाला?"

दीर पानावरून उठले. हात धुवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून अख्ख्या खात्याला दणाणून सोडणारा माणूस, पण घरातले दिवे मालवले तरी आत आला नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते हातात दोन मोठे प्लास्टिकचे टब घेऊन, एक निळा आणि एक गुलाबी. "ऑपरेशननंतर कोमट पाण्यात बसायला लागतं," ते म्हणाले. "मी वाचलंय." ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली नव्हती.

वाचलंय म्हणजे काय, दोघे भाऊ दिवसरात्र मोबाइलवर तेच वाचत होते! जे दुखणं वीस वर्षं घरात कोणी उच्चारलं नव्हतं, त्यावर आता चहाला, जेवणाला, भाजी निवडताना चर्चा. दिरांच्या कारखान्यातल्या एकाने लेझर करून घेतलं होतं आणि तो म्हणे पंधरवड्यात गणपतीपुढे नाचला. माझ्या नवऱ्याच्या मित्राने आयुर्वेदिकचं क्षारसूत्र केलं होतं. औषधाचा लेप चढवलेला दोरा मोडाच्या मुळाशी बांधतात, तो हळूहळू मोड तोडतो. नवऱ्याला दोऱ्याची गोष्ट फार आवडली. "तुझ्या लाइनमधलं आहे," तो मला म्हणाला. समोरच्या घरातली आजी येऊन सांगून गेली की सुरण खा, दुसरं काही नको.

दीर लेझरवर अडून बसले. बायकोला कापायचं हे त्यांना सहनच होत नव्हतं. शेवटी ते आमच्याबरोबर दवाखान्यात आले आणि डॉक्टरीणबाईंसमोर कारखान्यातल्यासारखे उभे राहून म्हणाले, "धाकटीला कमी दुखणारं आणि हिला जास्त दुखणारं, असं का? हिला पण सोपंच करा."

"काका, तुम्हाला ऑपरेशन सोपं हवंय की आजार गेलेला हवाय?"

"दोन्ही."

"दोन्ही माझ्याकडे असतं तर मी ह्यांच्यापासून लपवून ठेवलं असतं का?" त्या हसून म्हणाल्या. मग कागदावर चित्र काढून त्यांनी सगळं पुन्हा समजावलं. दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या म्हणाल्या. दिरांनी अंबरनाथच्या एका म्हाताऱ्या सर्जनचं घेतलं. त्यांनी ताईला बघितलं आणि तेच सांगितलं, फक्त जास्त थोडक्यात.

आतड्याच्या तपासणीसाठी बदलापूरला जायचं होतं. आदल्या दिवसापासून पोट साफ करायचं पाणी प्यायचं असतं. आमच्या एकुलत्या एक संडासाचा त्या दिवशी ताईने ताबा घेतला आणि आम्ही बाकीचे शेजाऱ्यांच्या दारात डबा घेऊन उभे. लाजबीज सगळी वाहून गेली होती. शेजारीण आतून ओरडायची, "ताईंचं झालं का साफ?" आणि आमच्या माळ्यावरून माझी मुलगी ओरडायची, "अजून नाही!"

बदलापूरला बाकावर बसलो असताना ताईने माझा हात धरला.

"माझ्या आयेक पण रक्त जायचा," ती म्हणाली. "मी लहान होते. कोणी काय आहे ते बघितलंच नाही. ती अशी बारीक होत गेली आणि गेली. म्हणूनच मी डॉक्टरकडे जात नव्हते. वाटायचं, तेच निघालं तर?"

आता मला कळलं ती त्या दिवशी जिन्यावर का गप्प झाली होती. तिला आत नेलं आणि मी त्या बंद दाराकडे बघत बसले. दीर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उठून उभी राहायचे, आणि प्रत्येक वेळी ट्रे घेऊन कोणीतरी दुसरंच बाहेर यायचं.

मग तपासणारे डॉक्टर स्वतः आले. मास्क खाली ओढून म्हणाले, "आतडं एकदम स्वच्छ आहे. काही नाही. जे आहे ते मूळव्याधीचंच."

दिरांनी त्या डॉक्टरांना मिठी मारली! डॉक्टर बिचारे दोन्ही हात बाजूला धरून उभे. ताई गुंगीतून बाहेर आली तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई, फक्त मूळव्याध आहे!" ती अर्धवट डोळे उघडून म्हणाली, "फक्त मूळव्याध?" आणि लहान मुलासारखी हसली. मूळव्याध झाली म्हणून एवढं खूश झालेलं घर आख्ख्या अंबरनाथात दुसरं नसेल. येताना दिरांनी हातगाडीवरची अख्खी पपई घेतली, आणि ताईने रिक्षात बसल्या बसल्या निम्मी संपवली.

तिचं रक्त भरून यायला काही दिवस लोहाची इंजेक्शनं घ्यावी लागली. गाल जरा गुलाबी झाल्यावर दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी ठरली. मीच तसं मागितलं होतं. माझं आधी, तिचं नंतर.

कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, आपण जागे असतो. मी डॉक्टरीणबाईंना आधीच म्हटलं होतं, "मला सांगत राहा काय करताय ते." त्या सांगत होत्या. "आता वरून गोल टाका घालते आहे. थैलीच्या तोंडाला नाडी ओवतात ना, तसा. आता नाडी ओढली. आता मशीन." मला वाटलं होतं आमच्या कारखान्यातल्या मशीनसारखा खडखडाट होईल. पण नुसता 'कट्ट' असा जाड आवाज झाला, बस.

"झालं?"

"मेन काम झालं. बघायचंय?"

त्यांनी चिमट्यात धरून दाखवलं. ओल्या गुलाबी रंगाची एक गोल कडी, बांगडीपेक्षा लहान, कडा एकसारखी. मी कितीतरी वर्षं गोल कापड कापते, इतकी साफ कड माझ्या कात्रीला जमली नसती. एवढ्याशा पट्टीसाठी मी सात वर्षं साडीच्या घडीवर बसत होते! मला इतका आनंद झाला की मी तिथेच टेबलावर पडल्या पडल्या "वा!" म्हटलं आणि भूल देणारे डॉक्टर हसायला लागले.

मला बाहेर आणताना ताईचं स्ट्रेचर आत जात होतं. "काय नाय गो ताई, कट्ट वाजतं आणि होतं," मी तिच्याच भाषेत ओरडले.

"तुझं वाजतं," ती म्हणाली. "माझं कापतात."

आणि खरंच, त्यानंतरचे दिवस आमच्या दोघींचे अगदी वेगळे गेले. पहिले दोन दिवस मला जड-जड वाटलं, आत काहीतरी अडकल्यासारखं, पण गोळीने भागत होतं. आठवडा संपायच्या आत मी जिना चढत-उतरत होते. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात फोन करून विचारत होते की माझं मशीन दुसऱ्या कोणाला दिलं नाही ना. एकच भानगड झाली. घाई. संडासची जाणीव झाली की थांबताच यायचं नाही, पळावंच लागायचं. ह्या ऑपरेशननंतर काहींना काही दिवस तसं होतं हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. महिनाभरात ते हळूहळू गेलं. तोपर्यंत घरात मी उठले की सगळे भिंतीला चिकटून वाट करून द्यायचे.

ताईचं काय सांगू. पहिल्यांदा संडासला गेली तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. दाराच्या फटीतून तिने हात बाहेर काढला होता आणि माझी बोटं पकडली होती. "काचा गो, काचा जातायत," एवढंच म्हणत होती. माझी बोटं पांढरी पडली तरी मी सोडवली नाहीत. बाहेर येऊन गुलाबी टबात कोमट पाण्यात बसली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "शहाडच्या मेल्यापेक्षा कमीच."

मी निळ्या टबात, ती गुलाबी टबात. दुपारी मुली शाळेत, पुरुष कामावर, आणि आम्ही दोघी मोरीत समोरासमोर टबात बसलेल्या, साड्या वर खोचून, हातात ताकाचे पेले. मी वीस वर्षं ज्या बाईशी मीठ-मिरचीपलीकडे बोलले नव्हते, तिच्याशी त्या मोरीत काय काय बोलले! तिला लग्नाआधी नर्स व्हायचं होतं हे मला तिथे कळलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात ती रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर उभी होती हेही तिथेच कळलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी कामावर जायला लागले तेव्हा तिची जखम अजून ओलीच होती. मला जाताना बघून तिचा चेहरा पडायचा. "मी पण पिनांचंच करायला हवं होतं," असं एकदा म्हणालीदेखील. दीर लगेच, "मी सांगत होतो!" पण महिना-दीड महिन्याने एका सकाळी ती संडासातून बाहेर आली आणि दारातच थबकली. आम्ही सगळे बघायला लागलो.

"काय झालं?" दिरांनी घाबरून विचारलं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "काहीच नाही झालं! दुखलं नाही. रक्त नाही. बाहेर काही नाही." आणि ती चालत आली, लाकडी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. पूर्ण. दोन्ही बाजूंनी. हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसतात तशी. माझ्या धाकटीने टाळ्या वाजवल्या आणि मग आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या.

आता हे सगळं ऐकून बायका मला विचारतात, कारखान्यातल्या, गल्लीतल्या, कधी मैत्रिणीची मैत्रीण फोन करते, की कुठलं ऑपरेशन चांगलं. मी खरं ते सांगते. माझं सोपं गेलं, लवकर उठले. पण वर्ष उलटल्यावर मला पुन्हा एकदा रक्त दिसलं. गेले तर एका बाजूचं आवरण थोडं परत सैल झालेलं. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे दोन रबरं चढवली, मी चालत घरी आले, आणि त्यानंतर ठीक आहे. ताईला त्या दिवसांत मरणप्राय दुखलं, पण तिला परत काही म्हणजे काही झालेलं नाही. तर मग चांगलं कुठलं? ज्याचे मोड जसे तसं. आधी जाऊन दाखव, मी सांगते. भिंतीवरच्या चिठ्ठीवाल्याला नको, रिक्षावरची जाहिरात वाचून नको, आणि माझं ऐकूनही नको. मी तर नुसती पँटला बेल्ट लावते. मात्र जाताना कोणीतरी बरोबर ने, एवढं मी नक्की सांगते.

ह्या उन्हाळ्यात ताई माहेरी गेली, कितीतरी वर्षांनी, आणि मला सोबत घेऊन गेली. एसटीत पुढच्या जागा भरल्या होत्या, म्हणून आम्हाला अगदी मागची सीट मिळाली. मी म्हटलं, "ताई, दणके बसतील. पुढच्या गाडीने जाऊ या."

"बसू देत," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन ऐसपैस बसली. गाडी सुटायच्या आधीच तिने डबा उघडला, दोन भाकऱ्या आणि लसणीची लाल चटणी खाल्ली, आणि गाडीने पहिला घाट चढायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. रस्ता खराब होता. मागची सीट एकेका खड्ड्याला हातभर उडत होती, आणि ती घोरत होती.